चाचणी नोंद

अंबडला, भट्टीमागच्या शेडमध्ये
दुपारपासून मी काट्याची वायर कॉम्प्युटरला जोडतोय.
आधी पडद्यावर नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं.
गायखे म्हणाले, "मोडी दिसतेय."
वेग नऊ हजार सहाशे केला, पॅरिटी काढली,
तेव्हा कुठे आकडा आला: १४२.५, भंगाराचा.

आकडा थरथरतोय तोवर कॉम्प्युटर थांबतो.
गायखे थांबत नसत.
डोलत्या काट्यावरूनच लिहून मोकळे,
आणि कधी चुकले नाहीत,
असं त्यांचंच म्हणणं.

रजिस्टरं आता गोणीत भरायची.
शेवटच्या पानांवर मात्र पेन्सिलीनं
वेगळीच वजनं, ना गाडी नंबर, ना माल:
६८, ६७.५,
बायपासच्या वर्षी ५९,
मग हळूहळू ६३.
"भट्टी पेटायच्या आधी
मीच उभा राहायचो," ते म्हणाले.

निघताना म्हटलं, चढा एकदा, तपासायचंय.
चपला काढून चढले.
६१.५.
कॉम्प्युटर अडला: मालाचा रकाना रिकामा चालत नाही.

गायखे उतरलेच नाहीत अजून.
"बीड घाला," म्हणाले,
"ओतून झालेलं."