विसार

मिरजेत आम्ही याला विसार म्हणतो.
विसार दिला की घर निम्मं आपलं,
पेढे वाटले तरी कोणी हसत नाही.
इथे अजमानमध्ये डाउन पेमेंट.
आणि भिंतीच उभ्या नव्हत्या,
तेव्हा पेढे ठेवायचे तरी कशावर?

बेचाळीस हजार दिरहम.
सॅम्पल फ्लॅटच्या टेबलावर प्लास्टिकची लिंबं होती.
मी एक दाबून पाहिलं, तर सेल्समन रामी हसला:
ताबा घ्याल तेव्हा खरी देऊ, सिस्टर रणभिसे.
अकरावा मजला, फ्लॅट अकराशे सात.
तिथे तेव्हा नुसती हवा होती.
त्या हवेत मी फ्रिज ठेवला,
आईचं शिलाई मशीन खिडकीपाशी,
उजेड डाव्या खांद्यावरून येईल असं.
चौदा महिने रोज रात्री
एकेक वस्तू हलवत होते.
वरच्या बंकवरून रोझलिन म्हणायची,
झोप आता, फर्निचर पळून जात नाही.

मग हॉस्पिटलने नवं कंत्राट पुढे केलं,
पगारात तीन हजारांची काटछाट.
त्याच आठवड्यात फोनवर आई,
मी काही तिकडे यायची नाही, बाई.
बाबांच्या शेजारची जागा धरून ठेवलीय,
पाच वर्षं झाली मंडळीत पैसे भरून.
म्हणजे तिनेही कुठेतरी विसार दिलेला.
मला बोलली नव्हती.

रद्द करायला वीस मिनिटं लागली.
रामी नव्हता. एक मुलगी होती,
नखांवरचं ओलं पॉलिश जपत
बोटांच्या पेरांनी कागद सरकवणारी.
कलम चौदा, पोटकलम क.
पुढचे हप्ते थांबतील, भरलेली रक्कम कंपनीची.
सगळी?
सगळी. पाणी घेणार?
घेतलं. गार होतं.
बेचाळीस हजारांतलं तेवढं परत आलं.

विसर आता ते, आई म्हणाली.
एक काना काढला की झालं,
असं तिला वाटतं.

माझं काम डायलिसिसचं.
माणसाचं रक्त नळीतून बाहेर येतं,
फिरतं, गाळलं जातं,
आणि शेवटी सलाईन सोडून मी
नळीत फिकट गुलाबी होत गेलेलं
उरलंसुरलंही आत ढकलते.
नव्या, घाबरलेल्या पेशंटला रोज सांगते,
तुमचं तुम्हाला परत मिळतं.
त्या दिवशी दुपारच्या पाळीत
हे वाक्य तोंडातून निघेना.

चार नंबरच्या खुर्चीतल्या अबू सैफनी विचारलं, काय झालं?
मोडक्या अरबीत सांगितलं.
ते मशीनच्या चाकाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, माझा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
हंगामाआधी नोखदा उचल द्यायचा
(नोखदा म्हणजे आपला नाखवाच,
शब्द समुद्रावरून कुठून कुठे येतात).
ती उचल कधी फिटली नाही.
आजा गेला, ती बापाच्या डोक्यावर आली.
तुझं तर पैशावर भागलं.
एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.
मला वाटलं, विचारात आहेत.
बीपी पडत होतं.
मी धावत खुर्ची आडवी केली.

परवा बसमधून ती इमारत दिसली. पुरी झालीय.
खालून मजले मोजायला लागले,
सातव्यापर्यंत पोचले आणि सिग्नल सुटला.
अकरावा असेलच वर कुठेतरी.
खिडकीपाशी काय ठेवलं असेल त्यांनी?
सांगावंसं वाटतं, शिवणारं कोणी असेल
तर मशीन तिथेच ठेवा,
उजेड डावीकडून येतो.
म्हणजे, येत असावा.