फट

पालशेतच्या आमच्या आगराला धाकू गोताड गडगा घालतोय
आणि मी त्याला दगड देतोय.
बत्तीस वर्षं बोटीवर इंजिनाला तेल पाजलं,
आता हे काम.
"ह्यो नको, तो द्या. त्याच्या बाजूचा."
मला दोन्ही सारखेच दिसतात.

त्याला सांगू का, असं मध्येच वाटतं.

माताराणी बंदरात क्रेनवाल्यांचा संप होता,
अकरा दिवस बोट तांब्याची वाट बघत उभी.
नाव ऐकून सारंगानं धक्क्यावर नारळ फोडला,
देवीचं गाव म्हणून.
देवी कुठली तिथे, नुसती धूळ.
दाभोळचा खलफे, आमचा भंडारी,
म्हणाला, चल, वर जाऊन येऊ.
वर म्हणजे केवढं वर, ते त्यालाही माहीत नव्हतं.

दोन रात्री बस. नाकातून रक्त.
श्वास रेशनच्या रॉकेलसारखा मोजून मिळायचा.
मग ते गाव: चार गल्ल्या, एक चौक,
नाव माझ्या तोंडात अजून बसत नाही.
आणि गल्लीच्या कडेनं पाट.
पाट! दगडात बसवलेला, हातभर रुंद,
आमच्या पोफळींतून जातो तसा बडबडत.
मी तिथेच खाली बसलो.
खलफेला वाटलं, घेरी आली.

खालचे दगड इंकांचे, लोक दाखवत होते,
वरची माती नंतरच्यांची,
त्यावरचा पत्रा गेल्या वर्षीचा.
दारात एक बाई पानं चघळत होती.
तिनं दोन-चार माझ्या हातावर ठेवली.
चुना नाही, कात नाही, नुसतं कडू.
खलफे बटाटे घेत होता, जांभळे, वेडेवाकडे;
तो दाभोळच्या बोलीत, ती तिच्या,
घासाघीस नीट पार पडली.
तुमच्या एकादशीचा बटाटा मूळचा इथला, तो म्हणाला.
हसायला गेलो तर हवा पुरली नाही.

खिशात फीलर गेज होता. इंजिनवाल्याच्या असतोच.
सगळ्यात पातळ पातं काढलं, पाच शतांश मिलिमीटर,
दोन दगडांच्या मध्ये लावलं.
गेलं नाही.
खाली लावलं, कोपऱ्यात लावलं.
ना चुना, ना सिमेंट,
आणि माझं पातं वाकलं.
पोरं जमली होती. मला लाज वाटली,
झोपलेल्या माणसाचे दात मोजताना
कुणी पकडल्यासारखी.

शेवटी सांगितलंच धाकूला.
त्यानं ऐकलं. हातातला दगड फिरवला,
त्याचं तोंड शोधलं, बसवला, पायानं दाबून पाहिला.
"आनि पानी कुठना जायाचा?"
कसलं पाणी?
"आतला. माती फुगते पावसात. फट नाय ठेवली
तर गडगा पोट काढतो,
नि एक दिस बसतो वाटेवर.
त्यांच्यात पाऊस कमी असंल."

इतकंच. कौतुक नाही, नावं ठेवणं नाही.
शेजारच्या गावच्या गवंड्याबद्दल बोलावं
तसा बोलला, आणि पुढचा दगड मागितला.

संध्याकाळी तो गेल्यावर
मी पेटीतून गेज काढला. पातं अजून वाकडंच.
गडग्याच्या जुन्या तुकड्यात,
धाकूच्या बापानं घातलेल्या,
तो सरकवला.
अख्खा गेज गेला. मग मूठ. मग मनगट.
आत गार होतं, वारा लागत होता
पलीकडून कुठून तरी.
बोटांना कागदासारखं काही आलं,
ओढलं तर सापाची कात,
डोळ्यांच्या जागेसकट सबंध.

बराच वेळ तशीच हातात धरून उभा होतो.
परत ठेवायला गेलो
तर ती फट काही सापडेना.