घरपोच

वालजीभाईंनी पावतीपुस्तक ओढलं,
कार्बन सरळ केला, विचारलं, "नाव?"
करुणा गजभिये.
"मिस्टरांचं?"
हेच लिहा.

एक चौकट सागाची, सात बाय साडेतीन,
तीन बिज्याच्या.
मागे आऱ्यावर ओंडका किंचाळत होता
आणि भुसा उडत होता लकडगंजभर,
गल्ल्यावर, चहात, लक्ष्मीच्या तसबिरीवर,
ड्यूटीवरून थेट आलेल्या माझ्या पांढऱ्या कपड्यांवर.
"पोचवून द्याल ना?"
"घरपोच. भाडं वेगळं, हमाली वेगळी.
आणि घरपोच म्हणजे दारापर्यंत हां ताई,
आत घेणं तुमचं."
भाऊ, दारच तर तुमच्याकडून येणार आहे.
ते हसले नाहीत. बेरीज चालू होती.

"पत्ता?"
हुडकेश्वरच्या पुढे, पिपळा रोड, प्लॉट त्रेचाळीस.
"जवळ काय आहे?"

जवळ काय आहे.
विजेचा एक खांब, तार नसलेला.
तुरीचं वावर, पुढच्या वर्षी त्याचाही ले-आउट होईल.
मी घातलेला पाया, गुडघाभर,
त्यात कोणाची तरी शेळी बसते.
वालजीभाईंनी लिहिलं: टाकीजवळ.

रात्री अकराला, मेडिकलच्या तेवीस नंबरात,
खिशातला फोन थरथरला.
"मॅडम, मुस्तकीम बोलतोय, गाडीवाला.
टाकीपाशी उभा आहे."
कोणती टाकी? तिकडे तीन आहेत.
"पाण्याची."
एका हाताने सलाईनचे थेंब मोजत
दुसऱ्या हाताने मी त्याला अंधारातून चालवत नेलं:
किराणा दुकान, बंद असेल.
उजवीकडे. डांबर संपेल, संपू द्या.
कुत्री भुंकतील, भुंकली का?
मग बरोबर आहात.

चौदा नंबरची आजी डोळे उघडून ऐकत होती.
"कोन हरवलं व बाई?"
माझं दार, आजी.
"सापडन," ती म्हणाली
आणि कुशीवर वळली.

सकाळी स्कूटी घेऊन पोचले तर
चौकटी पायाला टेकवलेल्या, ताडपत्रीखाली,
आणि बाजूला हमाल, दसरू मरसकोल्हे,
डोक्याखाली दुमडलेलं पोतं.
गाडी त्याला सोडून गेली होती.
"सागाचं सामान हाय बाई. रस्त्यावर टाकून कसा जाऊ?"
उठला, तळहातानं लाकूड पुसलं, जणू त्यालाच झोप लागली होती.
"आमच्याकडचं दिसते. एटापल्लीकडचं."
कसं ओळखलंत?
तो जरा थांबला.
"वळखलं नाही. वाटते फक्त."

मी हमालीत पन्नास रुपये कापून घेतले होते लकडगंजात.
ते दिले. वर बसचे, वर चहाचे.
तरी काही राहिलं का,
तो जाईपर्यंत आणि नंतरही कळलं नाही.

देविदास मिस्त्रींनी सागाची चौकट उभी केली,
दोन बांबूंचा टेका, खाली चार विटा.
"काही करायचं हाये का, सिस्टर?
लोक नारळ फोडतात, हळदकुंकू लावतात."
मी म्हटलं, ओळंबा बघा.
त्यांनी पाहिला.
दोरी हलली, हलली, मग थांबली.
संघमित्रा शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन
तिच्यातून गेली, वळली, परत आली,
पुन्हा गेली.
बाजूने जाता येत होतं, चारी बाजूंनी मोकळंच होतं.

गुरुवारी रेतीवाल्याचा फोन.
कन्हानची रेती, एक ट्रिप, पैसे आधी.
"पत्ता सांगा. जवळ काय आहे?"
एक चौकट उभी आहे, मी म्हटलं.
भिंती नाहीत. लांबूनच दिसेल.
"दिसली, दिसली," तो ओरडला, इंजिनाच्या वर.
मग म्हणाला, "रेती कुठं टाकू मॅडम?
आत का बाहेर?"

वॉर्डातून मी खिडकीबाहेर पाहिलं, उगाच.
आत, म्हटलं.
आत टाका.