आधी नळी

वेलायुधनने पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवलं,
तेही त्याच्या मोडक्या हिंदीत:
पहले नली, पीछे आग.

सित्राच्या बंदरात पत्र्याची शेड,
सकाळी सातलाच पक्कड हातात धरवत नाही.
तार सोल, म्हणायचा, अर्धा इंच.
दोन्हीकडचे केस एकमेकांत घाल, पीळ दे.
तापवायची ती तार, डाखाला हात लावायचा नाही.
तार तापली की डाख आपणहून आत शिरतो,
तहानेल्यासारखा.

आणि सांधा चकचकीत बसल्यावर, फुंकर मारून झाल्यावर
दिसते नळी.
टेबलावर. कापून ठेवलेली. ओवायची राहिलेली.
सगळ्यांचं होतं.
पुन्हा काप, पुन्हा सोल.
दर चुकीला तार अर्धा इंच तोकडी.

यूसुफ नोखदाच्या बोटीत
पोटातलं पाणी उपसणारा पंप मीच जोडला होता.
गुरुवारची संध्याकाळ, नळ्या संपलेल्या, दुकान पार मनामाला.
काळी टेप गुंडाळली, तीन वेढे,
चौथा मनाच्या समाधानाला.
जुलै होता.
टेपेचा गोंद काकवीसारखा ओघळून गेला असणार,
मी काही पाहायला गेलो नाही.

चौथ्या आठवड्यात बोट आली ती दुसऱ्या बोटीच्या दोराला.
रात्रभर बादलीने उपसलं होतं त्याने.
ओरडला नाही.
तारेचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला
आणि जाऊन सावलीत झोपला.

टेप उलगडली तर आत हिरवी पूड.
हर्णैला कल्हई गेलेल्या पातेल्यात
आमटी कळकायची, तसं
तांबं कळकलं होतं.

तेव्हापासून नळ्या माझ्या खिशात असतात,
आतून गोंद लावलेल्या, तीन मापांच्या.
एकदा ऑगस्टात पुडकं गाडीत राहिलं, काचेमागे.
दुपारी पाहतो तर सगळ्या आकसलेल्या,
आत काही नसताना.
त्या दिवशी कोण जाणे का,
जेवणाचा डबा तसाच परत नेला.

आता हाताखाली बाणकोटचा मुज्तबा आहे.
तो लायटर लावतो. एक बाजू करपते, दुसरी ढिली.
त्याला म्हटलं, गन घे, मधून सुरू कर,
मग कडांकडे जा, हात फिरता ठेव.
दोन्ही तोंडांशी गोंदाचा बारीक मणी आला
की थांब.
हात लावू नकोस. वीस मोज.
तो बारालाच हात लावतो.
मीही लावायचो.

काल एक जुनी बोट आली, सगळी वायरिंग बदलायला.
आमच्या शेडची, पण माझ्या आधीची.
इंजिनाच्या मागे, जिथे मान वाकडी करूनच बघता येतं,
तिथे एक सांधा.
नळी पारदर्शक,
आणि नळीखाली कागदाची चिठ्ठी,
तारेसोबत आवळलेली.
मिठाने बाकी सगळं खाल्लंय, खिळेसुद्धा.
चिठ्ठी पिवळी पडली आहे, एवढंच.

अक्षर वेलायुधनचं. लिपी मल्याळम.
काय लिहिलंय, मुज्तबाने विचारलं.
मला कुठे येतं वाचायला?
तारेचं नाव असेल. तारीख असेल.
फोटो पाठवला असता, पण त्याचा नंबर
तीन फोनांआधीच्या फोनात राहिला.

मीटर लावला. काटा सरळ.
मुज्तबाने पक्कड उचलली होती.
हा नको कापू, म्हणालो, ह्याच्या पुढून जोड.
तो वाकला, तार सोलली, पीळ दिला,
डाख लावायला गन तापवली,
आणि थांबला.
खिशात हात घातला,
आधी नळी ओवली.