फावडी: सहा नेली, पाच आली

अहवालाच्या छापील कागदावर चार रकाने आहेत:
घरे किती, किट किती, दिवस किती, प्रार्थना किती.
चौथा तीन आठवडे तसाच कोरा.
मंडळीच्या सेक्रेटरी एलिशिबाबाई
वहीवर बोट ठेवून विचारतात,
"आणि फावडी? सहा नेली होती ना?"

नेवाशाहून रात्री निघालो आठ जण,
टेम्पोत, ब्लीचिंग पावडरच्या गोण्यांवर पाय पसरून.
बडोद्यात फतेगंजच्या एका शाळेत
तिसरीचा वर्ग मिळाला झोपायला.
भिंतीवरच्या गुजराती तक्त्यात म मगरीचा.
सकाळी चहावाला म्हणाला, तक्ता खोटा नाही,
परवाच एक सोसायटीच्या जिन्यात बसली होती,
विश्वामित्रीतून आली, लिफ्टची वाट बघत असल्यासारखी.

पाळकसाहेबांनी बजावलं होतं:
पुस्तक पिशवीत, गाणं मनात,
विचारलं तरच नाव.
टी-शर्टवर खिशापाशी बोटभर क्रूस होता.
दुसऱ्या दिवशी आम्ही ते उलटे घातले,
शिवणी बाहेर.
दुपारपर्यंत गाळाने सगळ्यांना एकच रंग दिला,
उलट काय नि सुलट काय.

परशुराम भठ्ठ्यात जीवीबेनचं घर.
गुडघ्याएवढा गाळ, आणि त्याचा तो वास,
जो अजून माझ्या घड्याळाच्या पट्ट्यात आहे.
फ्रिज आडवा पडलेला, व्यालेल्या म्हशीसारखा.
रेशनकार्ड, एक पैंजण,
पंचांगाच्या भाद्रपदात चिकटलेला मासा.
उपसला. घमेल्यामागून घमेलं, गल्लीत ओतला.
संध्याकाळी फरशी दिसली तेव्हा
अबनेरने टाळ्या वाजवल्या, एकोणीस वर्षांचा पोर.

सकाळी शेजारचा दार ठोठावत आला:
"माझ्या उंबऱ्यात कोणी ओतला हा?"
रात्री पाऊस पडला होता. उताराने आपलं काम केलं होतं.
चौथा दिवस आम्ही
आमचाच गाळ उपसण्यात घालवला.
आता हे घर एक मोजू की दोन?
की एकही नाही?

त्याच दिवशी वही घेऊन एक जण आला.
कोणी पाठवलं, काय वाटता, कागद कुठले.
मी म्हटलं, चुना वाटतो.
"नाम?"
"शमुवेल गायकवाड."
शमुवेल त्याने लिहिलं. गायकवाडपाशी पेन थांबलं.
"गायकवाड? राजाचे?"
"नाही. नेवाशाचे."
तो हसला नाही. पण पान उलटलं,
आणि जाताना कडेकडेने गेला,
ओल्या फरशीवर पाय न उमटवता.

जेवणाआधी आम्ही डोळे मिटायचो, तेवढंच.
सहाव्या दिवशी जीवीबेनने आमच्या ताटात लसणाची चटणी वाढली,
समोर बसली, आणि तिनेही मिटले.
काय म्हणाली, कुणाला म्हणाली,
मी विचारलं नाही.
एलिशिबाबाई, हे चौथ्या रकान्यात बसतं का?

निघताना अबनेरने फोटोसाठी मोबाइल काढला.
"उभो रे," ती म्हणाली,
आरशावरचा चिखल पदराने पुसला,
केस विंचरले, नीट, मधोमध भांग पाडून.
फोटो छान आलाय.
पाठवायचा राहिलाय.
"परत येतो," असंही कोणीतरी म्हणालं होतं.
बहुतेक मीच.

सहावं फावडं तिच्या दारामागे राहिलं.
विसरलो असं लिहिणार होतो.
काल तिचा फोन आला,
आवाजात अर्धी गल्ली भांडत होती.
गटार तुंबलं की सगळे तेच मागून नेतात म्हणे,
शेजारचाही, तोही.
नाव पडलंय त्याला: गायकवाडनो पावडो.
नवीन माणूस आला की हमखास विचारतो,
राजाचा का?