लांब पाठीच्या

सेदान गाडी मला नेहमी
अर्ध्यात सोडलेल्या वाक्यासारखी वाटते.
छत छान चाललेलं असतं आणि एकदम
डिकीपाशी धीर सोडतं.
वॅगनचं तसं नाही.
तिचं छत शेवटच्या काचेपर्यंत बोलत राहतं,
आणि पूर्णविराम म्हणजे मागचं दार,
तोसुद्धा वर उचलता येतो.

चांदोरच्या बोस्त्यांव मेस्ताची ओपेल कॅरॅव्हॅन,
एकोणसाठ सालची, मुरगाव बंदरात जहाजातून उतरलेली.
वर सायीचा रंग, खाली बिंबलीचा हिरवा,
गियर सुकाणूच्या मानेला.
बोस्त्यांवचा बाप तिची टॅक्सी चालवायचा.
मागची सीट पाडली की
पोदेराच्या पाट्या, बँडवाल्यांचा थोरला ढोल,
एकदा एक नवरदेव, आडवा, वराती आधीच चढलेली,
एकदा जिवंत डुक्कर, ज्याचा वास
दमट दिवसांत अजून येतो म्हणे.
मला नाही आला. मी आत डोकं घालून हुंगलंय.
रविवारी मिसाला जायच्या आधी तो क्रोमची पट्टी पुसतो.
"हात लाव बाय, पण अंगठी काढून."

माझी टाटा इस्टेट. चौऱ्याण्णवची.
कुडचड्यात एका खाण कंत्राटदाराच्या लिलावात घेतली.
बँकेत कॅशियर आहे मी,
दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजते,
संध्याकाळी हिचे नट.
जुना रंग खरवडून चिऱ्याचा तांबडा मारला,
टर्बो बसवला, सायलेन्सर रुंद केला,
आणि मागच्या पाट्यांतली दोन-दोन पानं काढून
तिला दोन इंच खाली बसवली,
पंगतीत मांडी घातल्यासारखी.

बोस्त्यांव दोनदा भोवती फिरला.
"किदें केलेंय गो हें?
म्हशीला नाचाचे बूट घातलेस."
मी म्हटलं, तुमची ओपेल अल्तारावरची,
तिला मेणबत्ती लावायची. बसायचं कशात?
आठ दिवस बोलणं बंद.
नवव्या दिवशी त्याचाच फोन:
टर्बोचा पाइप दोन बोटं लांब पडतोय,
एवढंच सांगायला.

सप्टेंबरात एका रात्री, पावणेदोनला,
पियेदादचा आवाज. मेस्त गॅरेजच्या खड्ड्यात पडला,
उजवा खुबा.
ॲम्ब्युलन्स केप्याला गेलेली,
ओपेलचा कार्बुरेटर वर्तमानपत्रावर उघडा पडलेला.
शेजारच्या इनासने कपाटाचं दार बिजागरीतून उचकटलं,
दारावर मेस्त, मेस्तावर चादर,
आणि आम्ही ते सगळं माझ्या गाडीत मागून सरकवलं.
सहा फूट माणूस,
गुडघा न दुमडता मावला.
खरं सांगते, त्या घाईतसुद्धा
मला गाडीचं कौतुक वाटलं,
आणि लगेच लाज.

मडगावपर्यंत तो कण्हला नाही, ऐकत होता.
वेर्ण्याच्या चढावर मागून:
"तिसरा घाल. रडवू नको तिला."
सपाटीवर: "डाव्या बाजूचा शॉकअप गेलाय."
झुवारीच्या पुलावर एक सांधा लागला तेव्हा
पियेदादने पुढच्या सीटवरून त्याचा हात धरला.
तो हात सोडवून घेऊन
त्याने छतावर दोन बोटं टेकवली.
"दोन इंच, बाय.
तुजे ते दोन इंच आयज म्हज्या हाडांत आसात."

बांबोळीच्या पांढऱ्या दिव्यांत मी मागचं दार उचललं.
वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले,
कपाटाचं दार बघून थबकले.
मेस्त छताकडे बघत म्हणाला,
"आवाज मात्र बरा लागलाय."

आता तो वॉकर घेऊन ओपेलभोवती चालतो,
डॉक्टरने सांगितल्या त्याच्या दुप्पट फेऱ्या.
मी दोन्हीकडे एक-एक पान परत चढवलं.
एक इंच त्याचा.
उरलेली दोन पानं गॅरेजात खिळ्याला टांगली आहेत.
येतो तेव्हा बघतो त्यांच्याकडे,
वॉकरच्या पायाने एकाला ढोसतो,
ते टण्णकन वाजतं.
काही म्हणत नाही.
मीही बॉनेट उघडून
आधीच घट्ट असलेला एक नट
आणखी थोडा पिळते.