चाळीस मिलिमीटर, तीन दिवसांच्या बोलीवर

कुरामोचींनी लेन्स काउंटरवर ठेवली
तेव्हा मला ती नुसतं झाकणच वाटली.
"तीन दिवस वापर," ते म्हणाले, "आणि खरं लिही.
गोड लिहिणारे माझ्याकडे चार आहेत."

वजन : एकशे ब्याण्णव ग्रॅम.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर, मिसोच्या डब्याशेजारी.
खोक्यावर छापलंय एकशे पंच्याऐंशी.
सात ग्रॅम कुठून आले?
वहीत प्रश्नचिन्ह.

ओतारूच्या कालव्याकाठी गोदामाची भिंत.
विटा सरळ रेषेत उभ्या राहतात
आणि हलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर माझा जीव.
तिवई, पाणसळ, दोन सेकंदांचा टायमर.
दोनच्या छिद्राला मधोमध लख्ख,
कोपऱ्यांवर साय.
पाच-सहाला साय निघते.
आठला डावीकडच्या तळाच्या विटेवर
कुणी खिळ्यानं कोरलेलं नावही वाचता येतं;
उजवीकडचं मात्र नाही.
म्हणजे आत एखादं भिंग केसभर तिरकं बसलंय.
हे कुरामोचींना झोंबणार.

रात्री दिव्यांची रांग.
कडेच्या प्रत्येक दिव्याला पंख फुटलेले.
दोष, असं लिहिलं.
त्याखाली लिहिलं, सुंदर.
मग ते खोडलं.

उणे सहा अंशांत फोकसची कडी अडली नाही.
माझं बोट अडलं.

तिसऱ्या दिवशी धक्क्यावर इसोझाकी बाई,
उलट्या टोपलीवर बसून जाळं सांधत होत्या.
"याचं आपोआप होत नाही?"
"नाही. कुठं बघायचं ते मला ठरवावं लागतं."
"मग ठरव बाई लवकर. माझा हात थांबायचा नाही."

अंतर पाऊण मीटर, छिद्र सताड उघडं.
एवढ्या जवळून जग धारदार असतं
ते जेमतेम दोन बोटं.
मी डोळे धरले, त्या पुढे झुकल्या.
मी कडी फिरवली, त्या मागे रेलल्या.
बावीस फोटो. एकवीस वाया.
बाविसाव्यातही डोळे निसटलेच,
धार जाऊन बसली बांबूच्या सुईवर
आणि सुईपुढच्या एका गाठीवर:
दोऱ्याचा पीळ, पिळात अडकलेलं मीठ,
आणि मागे धुक्यात कुठंतरी
आवळलेले ओठ.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला,
पडदा नाकाशी नेला.
"ही चुकलीय," म्हणाल्या.
मला वाटलं, माझ्याबद्दल.
त्यांनी जाळं ओढलं, हातानं चाचपत
तीच गाठ शोधली
आणि उसवली.

अहवालात हे कुठल्या रकान्यात घालायचं?
'आपोआप फोकस नाही' हे उणिवांत होतं,
तिथंच ठेवलं.
तिरक्या भिंगाचंही लिहिलं, फोटोसकट.

कुरामोचींनी सगळं वाचलं, शेवटपर्यंत,
हूं की चूं न करता.
मग वजनाच्या आकड्यावर बोट टेकवलं.
"काट्यावर ठेवताना
पुढचं झाकण काढलं होतंस?"